पडल्यानंतरचा तास

बाईंचा एक तास हरवला होता, आणि तो सापडेपर्यंत त्या कुणालाही सुखाने जगू देणार नव्हत्या.

त्याच्या आधीचं सगळं त्यांना लख्ख आठवत होतं. सकाळचं ऊन, रिंगणातली नुकतीच पाणी मारलेली वाळू, कुंपणाच्या तारेत अडकलेली प्लास्टिकची पिशवी, आणि ती पिशवी म्हणजे साक्षात वाघ अशी शहाण्याची झालेली समजूत. शहाण्या हा त्यांचा घोडा. नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण ठेवणाऱ्याला विनोद कळत होता. शहाण्या एकीकडे गेला, बाई दुसरीकडे. त्यानंतर एकदम डॉक्टरांची खोली, पांढरी भिंत आणि स्वतःच्या केसांतून टेबलावर सांडणारी वाळू. मधलं काही म्हणजे काही नाही.

बरं, मधल्या वेळात बाई बेशुद्ध होत्या म्हणावं तर तसंही नाही. पडल्या पडल्या त्या उठल्या, कपडे झटकले, परत शहाण्यावर बसल्या आणि मुलांचा अख्खा तास घेतला. मुलं घरी गेल्यावर त्यांनी मोतद्दारकाकांना विचारलं, "काय हो, आज मुलं का आली नाहीत?" तेव्हा कुठे काकांना खरा प्रकार कळला. घोड्यांची देखभाल करण्यात त्यांचा जन्म गेला होता. कुठल्या घोड्याचं काय बिनसलंय ते त्यांना लांबून कळे. बाईंचंही त्यांना लांबूनच कळायला हवं होतं, पण बाईंना असं काही सांगायला जाणं म्हणजे आ बैल मुझे मार. शेवटी त्यांनी बाईंच्या नवऱ्याला फोन लावला.

आता पडल्यावर बाई परत का बसल्या, असं त्या घोडेस्वारी शिकवणाऱ्या शाळेत कुणीही विचारलं नसतं. तो बाईंचा नियमच होता. पडलात? मग परत बसा, आणि आत्ताच्या आत्ता. एक रात्र मध्ये गेली की भीती अंगात घर करते, मग तिला काढता काढता वर्ष जातं. बाईंना त्यांच्या गुरूंनी हे शिकवलं होतं, बाईंनी ते सगळ्या मुलांच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. एकदा एक मुलगा मनगट धरून उठला, तर बाईंनी फक्त एवढंच विचारलं होतं, "डावं ना? मग उजव्या हाताने लगाम धर."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बाईंना पुरून उरणाऱ्या होत्या.

"हेल्मेट होतं म्हणून कवटी शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "पण डबा फुटला नाही म्हणजे आतलं हिंदकळलं नाही असं नसतं. मेंदूला हादरा बसलाय. सुरुवातीला शांत पडून राहायचं. मग थोडं चालणं, मग घरातली हलकी कामं. डोकं दुखायला लागलं की एक पायरी मागे. घोडा सगळ्यात शेवटी, आणि तोही मी सांगेन तेव्हा."

"पण बसलं नाही तर भीती बसते हो!"

"भीती बसली तर काढता येते. एक मार भरून यायच्या आत दुसरा बसला, तर जिवावर बेतू शकतं. मुलांच्या बाबतीत तर आम्ही जास्तच जपतो."

बाईंनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष भलतीकडेच होतं. "माझा तो मधला तास परत कधी येईल?"

"बहुतेक येणारच नाही. ती आठवण हरवलेली नाही, ती तयारच झाली नाही."

हे ऐकून दुसरं कुणी घाबरलं असतं. बाईंचे डोळे चमकले. म्हणजे आपण बोललो, चाललो, शिकवलं, आणि त्या वेळी आपण घरी नव्हतोच? मग शिकवत कोण होतं? असला भन्नाट प्रश्न त्यांना आयुष्यात कधी पडला नव्हता.

नवऱ्याने घरी कडक बंदोबस्त ठेवला. तो फ्रीज दुरुस्त करायचा. "हलवलेला फ्रीज लगेच चालू करत नाहीत," तो म्हणाला. "आतलं स्थिर होऊ द्यावं लागतं. घाई केली की मशीन जळतं." बाईंना स्वतःची तुलना फ्रीजशी झालेली मुळीच आवडली नाही, पण भांडायला गेलं की कानशिलात ठोके पडत, म्हणून त्यांनी ते भांडण पुढे ढकललं.

पडून राहणं बाईंनी बापजन्मी केलेलं नव्हतं. पण त्यांना स्वतःच्याच डोक्याची गंमत वाटायला लागली. पडदा उघडला की उजेड डोळ्यांत सुईसारखा टोचे. वर्तमानपत्रातलं एक वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरायला होई, आणि अक्षरं तर पाण्यातल्या माशांसारखी जागच्या जागी हलत. नवऱ्याने "चहा घेणार का?" असं विचारलं, तर प्रश्न कानापर्यंत लगेच पोचे, पण उत्तर जिन्यातच कुठेतरी रेंगाळे. एकदा चमचा हातातून पडला, तर त्या आवाजाने त्यांना रडूच आलं. चमच्यासाठी! सासू वारली तेव्हासुद्धा बाई रडल्या नव्हत्या.

"मी त्या दिवशी काय केलं, सांग ना," त्या नवऱ्याला विचारत.

"मला काय माहीत? मी आलो तेव्हा तू गाडीत बसलीस आणि 'गाडी कुणी आणली' असं विचारलंस. मी म्हटलं, मी. तू म्हणालीस, बरं. मग परत विचारलंस, गाडी कुणी आणली. तबेल्यापासून दवाखान्यापर्यंत मीच गाडी आणत होतो."

बाई खळखळून हसल्या आणि लगेच डोकं धरून बसल्या. आपली आठवण आपल्याकडे नाही, पण इतरांकडे तर असेल, असा त्यांनी विचार केला. मागून घ्यायला काय हरकत आहे?

थोडं बरं वाटायला लागल्यावर त्यांनी नवऱ्याला फोन लावायला लावले आणि एकेका विद्यार्थ्याला गाठलं.

"त्या दिवशीचा तास कसा झाला रे?"

"छान झाला, बाई!"

"आणि तुझं काय मत?" त्यांनी दुसऱ्याला विचारलं.

"खूपच छान झाला, बाई!"

तिसऱ्यानेही तेच सांगितलं तेव्हा बाईंनी फोन ठेवला आणि त्या ताठ बसल्या. "अरे, काहीतरी भयंकर घडलंय."

"छान झाला म्हणतायत ना सगळे?"

"तेच तर! इतकी वर्षं शिकवतेय, माझ्या तासाला आजवर कुणी छान म्हटलेलं नाही."

त्यानंतर त्यांना घरी धीर धरवेना. डॉक्टरांनी चालायची परवानगी दिलीच होती. मात्र किती आणि कुठे यावर नवऱ्याचा पहारा होता. दुपारी तो कुणाचा तरी फ्रीज बघायला बाहेर पडला, आणि बाई काळा चष्मा लावून, सावली धरून, मध्ये दोनदा टेकत टेकत तबेल्यावर पोचल्या.

काका दगड्याला खरारा करत होते. दगड्या हा शाळेतला सगळ्यात गरीब घोडा, लहान मुलांना शिकवायचा. त्याला एकच खोड होती. खोगिराचा पट्टा, म्हणजे तंग, आवळायला घेतला की तो पोट फुगवून उभा राही. पट्टा घट्ट बसला असं आपल्याला वाटे, आणि चार पावलं चालून त्याने श्वास सोडला की पट्टा ढिला. म्हणून दगड्याचा तंग नेहमी दोनदा आवळायचा: एकदा उभा असताना आणि एकदा एक फेरी चालवून झाल्यावर. शाळेत पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला बाई हे आधी शिकवत आणि मग नाव विचारत.

"बाई! तुम्ही कशाला आलात? आराम करायचा सोडून?"

"काका, त्या दिवशी काय झालं?"

"कुठल्या दिवशी?"

"काका."

काका दगड्याची तीच जागा परत परत घासायला लागले. घोड्याच्या मनातलं बाई त्याच्या कानांवरून ओळखत. माणसांचे कान हलत नाहीत, पण काकांचे मात्र लालबुंद झाले होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. बाई पालथ्या बादलीवर बसल्या आणि वाट पाहत राहिल्या. वाट पाहायला त्या नुकत्याच शिकल्या होत्या.

"मीच पोरांना सांगितलं होतं, बाईंच्या डोक्याला ताप देऊ नका म्हणून," काका शेवटी म्हणाले. "तुम्ही त्या छोट्या ठिणगीला दगड्यावर बसवलंत. तंग तुम्हीच आवळलात. एक फेरी झाली. मी म्हटलं, बाई, परत आवळायचा राहिला. तुम्ही माझ्या अंगावर खेकसलात, 'मला शिकवू नका.' मग मी गप्प बसलो. गप्प बसायला नको होतं मी."

"पुढे?"

"दुडकी चाल धरल्यावर खोगीर फिरलं. पोरगी खाली आली."

बाई बादलीवरून अर्धवट उठल्या.

"लागलं तिला?"

"उठली की लगेच. जराशी रडली. तुम्ही तिला परत बसवलंत. मी तंग आवळून दिला आणि तिने अजून फेऱ्या मारल्या. नंतर मी विचारलं तर म्हणाली, काही नाही झालं काका. रोज येते. आता मीच चालवून आणतो सगळ्यांना. पण पालकांसमोरची प्रात्यक्षिकं जवळ आलीयत ना, त्याच्या सरावासाठी आज अडथळ्यावरून उडी मारणारच असा हट्ट धरून बसलीय ती. मोठ्या पोरींनी दांडी लावूनसुद्धा ठेवलीय."

"डोकं आपटलं होतं का तिचं?"

काकांनी खरारा खाली ठेवला. "ते मी नाही बघितलं, बाई. मी दगड्याला धरायला धावलो होतो."

ठिणगीला ठिणगी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे आणि तिचं तोंड तर झोपेतही चालत असावं असा सगळ्यांना संशय होता. दहा वर्षांची पोर. दगड्याशी गप्पा, काकांशी गप्पा, कुणी नसलं तर खोगिराशी गप्पा. आज ती फाटकातून आली ती मुकाट्याने. उन्हात आल्या आल्या तिने कपाळावर हात धरला. काकांनी "आलीस का?" असं विचारलं, त्यावर ती दोन पावलं पुढे गेली, थांबली आणि मग म्हणाली, "हो."

बाई तबेल्याच्या सावलीतून बघत होत्या. ते जिन्यात रेंगाळणारं उत्तर त्यांनी ओळखलं. दुसऱ्या कुणाला ओळखू आलं नसतं, आणि पडायच्या आधी त्यांना स्वतःलाही आलं नसतं.

"ठिणगे, इकडे ये."

"बाई! तुम्ही बऱ्या झालात?"

"बस इथे. डोकं दुखतं का तुझं?"

"नाही," ठिणगी म्हणाली. हे उत्तर मात्र झटकन आलं.

बाई तिला नेहमीसारखं दरडावणार होत्या, पण त्या थांबल्या. आपल्याच शाळेत शिकलेली पोर आहे ही, ती कशाला हो म्हणेल? आणि खरं सांगायचं तर बाईंना आता दरडावण्यापेक्षा दुसरंच काही हवं होतं. या डोक्यात काय चाललंय ते त्यांना मनापासून जाणून घ्यायचं होतं.

"माझं दुखतं," त्या म्हणाल्या. "इथे, कानाच्या वर. आणि ऊन टोचतं. आणि परवा चमचा पडला तर मी रडले."

"चमचा पडला म्हणून?"

"चमचा पडला म्हणून. आणि वाचायला घेतलं की अक्षरं हलतात."

ठिणगीने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर सुटका उमटली.

"तुमची पण हलतात? मला वाटलं, माझीच हलतात. शाळेत फळ्यावरची पण हलतात. आई म्हणते, अभ्यास नको म्हणून नाटकं करते." आणि मग हळूच, "बाई, मी भित्री झालेय का? दगड्यावर बसलं की मला उलटी आल्यासारखं होतं. भीती अंगात घर करते ना, तसं झालंय का? म्हणून मी रोज येते. आज उडी मारली ना, की जाईल ती."

बाईंना एका क्षणात सगळं दिसलं. आडवी दांडी, दगड्याची उडी, पोर वाळूत, दुसऱ्यांदा. पाचावर धारण बसणे म्हणजे काय ते त्यांना घोड्यांच्या संगतीत इतकी वर्षं काढून पहिल्यांदा कळलं.

"उडी नाही," त्या म्हणाल्या. "आज नाही, उद्याही नाही. तू भित्री नाहीस. तुझं डोकं हिंदकळलंय, माझ्यासारखंच. आपण डॉक्टरांकडे जायचं, आत्ता."

"पण पडल्यावर लगेच परत बसायचं असतं!"

"ते मी चुकीचं शिकवलं."

ठिणगीने काकांकडे पाहिलं. बाई स्वतः चुकल्या असं म्हणाल्या, हे खरंच ऐकलं का, असं तिला विचारायचं असावं. काकांनी मान हलवली आणि दगड्याचं खोगीर उतरवायला घेतलं.

ठिणगीची आई एका कापडाच्या दुकानात काम करायची. निरोप मिळाल्यावर ती तशीच, गळ्यात मोजायची फीत अडकवलेली, दवाखान्यात आली. बाईंनी तिला बाकावर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. तंग मी बांधला, परत आवळायला विसरले, काका सांगत होते त्यांचं ऐकलं नाही, पोर पडली तर परत बसवली. यातलं मला काहीही आठवत नाही, पण केलं मीच.

आईने गळ्यातली फीत काढून हातात गुंडाळली. "हिला मी रोज रागवत होते," मग ती म्हणाली. "आळशी म्हणत होते. काल तर कान धरला मी हिचा." आणि पुढे, बाईंकडे न बघता, "तुमच्यावर मी रागावणार आहे. पण आधी हिचं बघू दे."

"रागवा," बाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी ठिणगीला बोटामागे डोळे फिरवायला लावले, डोळे मिटून एका पायावर उभं केलं, डोळ्यांत टॉर्च मारला, काही शब्द सांगून ते नंतर परत विचारले. ठिणगीला ती परीक्षा फार आवडली. एका पायावर ती दोनदा कलंडली.

"मेंदूला हादरा बसलाय," डॉक्टर आईला म्हणाल्या. "घाबरू नका. पण तो भरून यायला वेळच मिळालेला नाही. रोज शाळा, रोज घोडा. आता घोडा बंद, पळापळ बंद. आधी एक-दोन दिवस शांतता, मग थोडं थोडं वाढवायचं. शाळेला मी चिठ्ठी देते. डोकं जास्त दुखायला लागलं, वारंवार उलट्या झाल्या, किंवा ही बरळायला लागली, तर रात्र असो की दिवस, लगेच घेऊन यायचं. नाहीतर बरी होईल ती. आज उडी मारली असती तर हे एवढ्या खात्रीने मी सांगू शकले नसते."

आईने ठिणगीचा हात जो धरला तो सोडला नाही.

"आता मला सांग," डॉक्टर ठिणगीकडे वळल्या, "पडलीस कशी? आठवतं का?"

"मला सगळं आठवतं!" ठिणगी म्हणाली. बाई खुर्चीत पुढे सरकल्या. इतके दिवस ज्याच्या मागे लागल्या होत्या तो तास समोरच्या उंच टेबलावर पाय हलवत बसला होता. "दगड्या पळायला लागला, मग खोगीर असं फिरलं, मग मी अशी खाली, आणि डोकं धप्पकन. हेल्मेट होतं. मग बाई आल्या. मी वाळूत झोपले होते, तर त्या माझ्यावर वाकल्या आणि म्हणाल्या, ऊठ. मला रडू येत होतं. तर म्हणाल्या, रडतेस काय? मी पडले तेव्हा मी रडले का?"

"असं म्हणाले मी?" बाईंनी विचारलं.

"हो," ठिणगी म्हणाली. "पण तुम्ही रडत होतात, बाई."

बाईंचा हात आपोआप स्वतःच्या गालावर गेला.

"तुमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. माझ्या शर्टावर पण पडलं. तुम्ही पुसतच नव्हतात, तुम्हाला कळतच नव्हतं. मला वाटलं, असंच करायचं असतं. म्हणून मी पण नाही पुसलं. तशीच परत बसले."